तंबूसाहेबांची उपकारस्तुती

ज्या माणसाबद्दल लिहायला बसलोय, त्याच्या अंगावर मी पहिल्यांदा पोलीस नेला होता. मुलुंडच्या पश्चिमेला, जिथे रस्ता संपतो आणि डोंगर सुरू होतो, त्या टोकाला आमची तीन मजली बिल्डिंग. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी दुपारी गच्चीवर पापड राखत बसलो होतो, तेव्हा समोरच्या डोंगरात धुराची बारीक रेघ दिसली. त्या काळी आमच्या डोंगरात हातभट्ट्या लागत हे सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट पोलिसांना सांगायला जाणारा मात्र मी एकटाच निघालो. नाक्यावरच्या हवालदाराने माझं नागरी कर्तव्य शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "चला, जागा दाखवा." हे माझ्या हिशेबात नव्हतं. कमरेइतक्या गवतातून दीड तास चढून, एका चपलेचा अंगठा तुटलेला, अशा अवस्थेत मी त्याला धुराजवळ नेऊन उभं केलं. तिथे लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा एक तंबू होता, तीन दगडांच्या चुलीवर पातेलं होतं, आणि चुलीसमोर आमच्याच पहिल्या मजल्यावरचे साळवे नवरा-बायको डोळे मिटून, हात जोडून बसले होते.

"ही तुमची भट्टी?" हवालदाराने मला विचारलं.

साळव्यांनी एक डोळा उघडला. "या परब. बसा हवालदारसाहेब. प्रार्थना संपली की चहा देतो." आणि तो डोळा पुन्हा मिटला. हवालदाराने टोपी काढून हातात घेतली. मीही काहीतरी काढायला हवं म्हणून तुटकी चप्पल काढली.

तेव्हापासून बिल्डिंगमध्ये त्यांचं नाव तंबूसाहेब पडलं. ते मीच पाडलं; केलेल्या गाढवपणावर पांघरूण घालायचं तर दुसऱ्याला नाव ठेवण्यासारखा उपाय नाही. भांडुपच्या एका कारखान्यात ते फिटर होते. उंच, हाडं मोठी, डाव्या हाताचा अंगठा पेरापर्यंतच. तंबू त्यांच्या बायकोने शिवला होता. तिचं नाव शांता; ती म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवायची, म्हणून सगळी बिल्डिंग तिला बाई म्हणायची. एका मांडववाल्याने टाकून दिलेलं कापड आणून बाईंनी घरच्या मशीनवर तो शिवला, त्यात मशीनच्या सात सुया मोडल्या, असं त्या अभिमानाने सांगत. लांबून बघणाऱ्याला वाटावं, कुणाचं तरी लग्न वाट चुकून डोंगरावर गेलंय.

वर्षातून एकदाच हा तंबू बाहेर निघायचा. पाऊस संपलेला, गवत पिवळं पडायला लागलेलं, शाळेची सहामाही परीक्षा आटोपलेली, अशा वेळी कारखान्याच्या सुट्टीचा शुक्रवार धरून दोघं सकाळी डोंगर चढत आणि शनिवारी संध्याकाळी उतरत. "हे काय खूळ?" असं मी एकदा सरळच विचारलं. साळवे मूळचे नगरकडचे, तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. ते म्हणाले, "आमच्या गावाकडं कापणीचा सण असतो. शेतात जे पहिलं येईल ते देवळात न्यायचं. बाजरीची कणसं, भोपळा, कोंबडी म्हणू नका, अंडी म्हणू नका. आता मुलुंडमध्ये मी काय कापू? आमचं शेत गेलं, सण राहिला. म्हणून आम्ही चालतो." गावाहून नव्या बाजरीचं पीठ मात्र ते आठवणीने मागवत. बाई डोंगरावर त्याच्या भाकरी थापत आणि पहिल्या भाकरीचा तुकडा मोडण्याआधी दोघं उपकारस्तुती करत.

ही उपकारस्तुती साधी नव्हती. देवाचे आभार आपण सगळेच मानतो. म्हणजे परीक्षेचा निकाल लागला की मानतो आणि पुढच्या परीक्षेपर्यंत विसरतो. साळव्यांची रीत अशी, की स्वतःला काय मिळालं ते स्वतः बोलायचंच नाही. नवऱ्याचं बायकोने सांगायचं, बायकोचं नवऱ्याने. ज्याचं सांगितलं जाईल त्याने फक्त शेवटी आमेन म्हणायचं. आणि त्या एका वर्षातलंच सांगायचं, मागचं उकरायचं नाही. मला हे फार अवघड वाटलं. "का बुवा असं?" मी विचारलं.

"तुमची पाठ तुम्हाला दिसते का परब?"

"नाही."

"मग? तिला काय लागलंय ते मागं बसलेलंच माणूस सांगणार ना!"

एका वर्षी त्यांनी आम्हा दोघांनाही नेलं. आम्ही मालवणकडचे, समुद्रासमोर जन्मलेल्या माणसाला डोंगर म्हणजे दुरून हिरवं दिसणारं काहीतरी. मी वाटेत तीनदा बसलो. बायको आणि बाई पुढे गप्पा मारत चालल्या होत्या, आणि मागे वळून मी जिवंत असल्याची खात्री करून घेत होत्या. वर पोचल्यावर मात्र श्रमाचं चीज झालं. एका अंगाला विहार तलाव, दुसऱ्या अंगाला मिठागरांचे पांढरे चौकोन आणि खाडी, फार लांब ट्रॉम्बेची टेकडी निळी. जवळच्या पाड्यावरच्या लोकांची नाचणी तयार झालेली. ऊन उतरलं, आणि बाई म्हणाल्या, "परबभाऊजी, आता तुम्ही वहिनींचं सांगा."

मी घसा साफ केला. बायकोला या वर्षात काय मिळालं? मी खूप आठवलं. मला माझी हेडक्लार्कची जागा आठवली, माझी पित्ताची गोळी बंद झाल्याचं आठवलं, माझ्या स्कूटरचा नंबर लागल्याचं आठवलं. शेवटी म्हणालो, "हिला या वर्षी मिक्सर मिळाला."

बायकोने आमेन म्हणायच्या ऐवजी माझ्याकडे नुसतं बघितलं. मग तिची पाळी आली. ती हात जोडून गंभीरपणे म्हणाली, "यांना या वर्षी माझ्या भावाची माफी मागायची बुद्धी झाली. उशिरा झाली, पण झाली. उपकार आहेत." साळवे इतके हसले की भाकरी करपली. खाली उतरताना बायको मला म्हणाली, "मिक्सर तुमच्या चटणीसाठी आणलात हो. माझी आई या वर्षी दुखण्यातून उठली, ते नाही आठवलं?" मी मोज्यातली कुसळं काढत बसलो. ती संपता संपत नव्हती, हे माझं नशीब.

साळव्यांना मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल बोलायचं धाडस कुणी करत नसे, पण तेच एकदा म्हणाले होते, "आम्हाला घाई कशाची नाही परब. घरात दोनच माणसं. एक बोललं की दुसरं ऐकतंच, दुसरी सोय नाही."

पुढे एका पावसाळ्यात बाईंना कावीळ झाली. साधी वाटली, मग पोटात गेली. तीन आठवडे त्या घरी अंथरुणावर होत्या. साळव्यांनी रजा टाकली. आमच्या घरून रोज संध्याकाळी पेज जायची, ती घेऊन मी खाली जायचो, उंबऱ्याशी दोन मिनिटं उभा राहायचो आणि काय बोलावं ते न कळून पावसाबद्दल बोलून परत यायचो. श्रावण संपायच्या आत बाई गेल्या. पहिल्या मजल्यावरचं ते घर इतकं गप्प झालं, की तिथून जाताना आम्ही जिन्यावर चपलांचा आवाज करेनासे झालो. आता वाटतं, करायला हवा होता.

ऑक्टोबर आला. सहामाही परीक्षा संपल्या. एका संध्याकाळी साळवे वर आले. दाढी वाढलेली, शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात. चहा नको म्हणाले.

"परब, शुक्रवारी मोकळे आहात?"

"का हो?"

"तंबूला दोन माणसं लागतात. एकानं बांबू धरायचा, एकानं दोरी ओढायची."

मला ऑफिस होतं, गुडघा होता, आणि खरं सांगायचं तर भीती होती. दुःखी माणसाबरोबर अख्खे दोन दिवस काढायचे म्हणजे काय करायचं, हे आम्हाला कुणी शिकवलेलं नव्हतं. मी "बघतो" म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात आतून बायको म्हणाली, "येतील ते. मी पोळ्या करून देते."

शुक्रवारी सकाळी निघालो. बांबू माझ्याकडे, तंबू त्यांच्याकडे. चढावर साळवे अधूनमधून थांबत होते. पहिल्या वळणावर, मग उंबराखाली, मग त्या सपाट कातळावर. मला वाटलं, माझ्या गुडघ्यासाठी थांबतायत. मी मनातून आभार मानले. चौथ्या वेळी मी बघितलं, ते माझ्याकडे बघतच नव्हते. ते वाटेवर, आपल्या मागे दोन हातांवर बघत उभे होते. मग उगाच घड्याळात बघून पुढे चालू लागले.

वर पोचल्यावर त्यांनी चूल पेटवली, चहा केला आणि दोन कपांत ओतला. माझ्या कपात साखर नव्हती. मी "साखर..." एवढं म्हणालो आणि जीभ चावली. बाई बिनसाखरेचा घ्यायच्या. साळव्यांच्या हाताने वर्षानुवर्षांच्या सवयीने एक कप तसाच भरला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं, कपाकडे बघितलं. मी म्हटलं, "डॉक्टरनी बंदच केलीय मला साखर." हे धादांत खोटं होतं आणि तो चहा कडू होता. मी दोन कप प्यालो.

तंबू उभा राहिला. दुपारभर आम्ही त्याच्या सावलीत बसलो. शेवटी साळवेच म्हणाले, "तुम्हाला बांबू धरायला आणलं नाही मी, परब."

"मग?"

"दोन महिने झाले, माझ्या तोंडून प्रार्थना निघत नाही. रविवारी देवळात ओठ हलवतो. शेजारच्याला वाटतं, म्हणतोय. शांता असती तर तिला कळलं असतं." त्यांनी गवताची एक काडी तोडली. "या वर्षी मला काय मिळालं ते मला दिसत नाही. मला सगळं गेलेलंच दिसतं. तुम्ही सांगून बघा. मला आमेन म्हणता आलं तर म्हणेन. नाही आलं तर हा तंबू पाड्यावर देऊन टाकतो. उगाच ढोंग नको."

तुम्ही कधी हेडक्लार्कला हातातला कागद हरवल्यावर बघितलंय? माझं तसं झालं. देवाशी माझे संबंध गणपतीपुरते. त्यांच्या देवाशी तर ओळखही नाही. आणि ज्या माणसाला स्वतःच्या बायकोसाठी मिक्सरपलीकडे काही सुचलं नव्हतं, त्याच्यावर ही कामगिरी!

ऊन उतरलं तसे साळवे दगडावर बसले. भाकरी मला थापता आल्या नाहीत, त्यांनाही नाही. बायकोने दिलेल्या पोळ्या मध्ये ठेवल्या. "आधी शांताचं," ते म्हणाले. त्यांनी डोळे मिटले. गवतातून वारा जात होता, पाड्यावर कुणीतरी बकऱ्यांना हाका मारत होतं. मग ते हळू बोलू लागले.

"प्रभू, मे महिन्यात शांताला तिच्या आईला भेटता आलं. जूनमध्ये तिच्या वर्गातली एक मुलगी, वर्षभर तोंड न उघडलेली, तिला 'बाई' म्हणाली. घरी येऊन मला तीनदा सांगितलं तिनं. तिचं दुखणं तीन आठवडेच चाललं." ते थांबले. "आणि आमच्या दोघांत कुणीतरी मागं राहणारच होतं. ते तिच्या वाट्याला आलं नाही. हे जे आहे, ते तिला सोसावं लागलं नाही. त्याबद्दल, प्रभू, मी शांताच्या वतीनं तुझे उपकार मानतो."

आता आमेन यायचं. ते म्हणणारं माणूस नव्हतं. मी म्हणावं का, असं क्षणभर वाटलं. पण ते आमेन माझं नव्हतं. साळवे वाट बघत बसल्यासारखे बसले. मग म्हणाले, "हं. आता तुम्ही."

मी डोळे मिटले. "देवा," मी सुरुवात केली, "यांना बावीस वर्षं चांगली साथ मिळाली..."

"ते मागचं झालं," साळवे डोळे न उघडता म्हणाले. "या वर्षाचं सांगा."

"यांची तब्येत..." म्हणालो आणि लाज वाटून थांबलो. माझ्या डोळ्यांपुढे या वर्षाचा फक्त तो पावसाळा येत होता. पेजेचा डबा, ओला जिना, त्यांचा उंबरा. त्या उंबऱ्यावर उभं राहून मी दर संध्याकाळी काय बघितलं होतं? पाऊस पाऊस करत मी नजर चुकवत होतो, पण डोळे थोडंफार बघतातच. आणि मला एकदम ते आठवलं.

"देवा," मी म्हणालो, "ऑगस्टात बाईंच्या हातात कंगवा धरायची ताकद राहिली नव्हती. तेव्हा साळव्यांनी त्यांची वेणी घालायला घेतली. पहिल्या दिवशी ती वेणी इतकी वाकडी होती, की बाई आरशात बघून हसल्या. मी दारात होतो. यांना अंगठा नाही, पेड सुटायचे. हे पुन्हा घालायचे. मी रोज बघायचो. दुसऱ्या आठवड्यात बरी यायला लागली. शेवटच्या संध्याकाळी ती अगदी सरळ होती, खाली रिबीनसुद्धा होती. बाईंनी ती पुढे घेऊन मला दाखवली. तर देवा, यांना या वर्षी बायकोची वेणी घालता यायला लागली. आणि ती घालायला तीन आठवडे मिळाले."

मला पुढे काही सुचेना. प्रार्थना संपवतात कशी तेही माहीत नव्हतं. जन्मभर ज्या एका पद्धतीने मजकूर संपवत आलो, तीच तोंडात आली. मी म्हणालो, "एवढंच. कळावे."

साळव्यांच्या तोंडून एक आवाज निघाला. मला वाटलं रडतायत, म्हणून डोळे उघडले. ते हसत होते. हसता हसता त्यांनी दोन्ही हातांत तोंड धरलं, आणि मग ते हसणं नव्हतं. मी बसून राहिलो. खांद्यावर हात ठेवावा असं वाटलं, पण आम्हा दोघांत तशी पद्धत नव्हती. मी पोळ्यांवर मुंग्या येऊ नयेत म्हणून फडकं नीट केलं. सूर्य विहार तलावापलीकडे गेला. खूप वेळाने, मी आशा सोडल्यावर, ते म्हणाले, "आमेन."

त्यानंतर साळवे मुलुंडला फार दिवस राहिले नाहीत. वर्षभरात नोकरी सोडून नगरकडे भावाच्या शेजारी राहायला गेले. जाताना तंबू घेऊन गेले, याचा मला आनंद झाला. पुढे काही वर्षं ऑक्टोबरात त्यांचं कार्ड यायचं. स्वतःबद्दल चकार शब्द नसायचा. 'वहिनींचं या वर्षीचं सांगितलंत का?' एवढंच लिहिलेलं, आणि खाली सही. मी कार्ड हातात घेऊन बायकोसमोर बसायचो आणि सांगायचो. दर वर्षी थोडं बरं जमायचं, असं तिचं मत आहे. मग एका ऑक्टोबरात कार्ड आलं नाही. त्यानंतरही आलं नाही. आता त्यांच्याबद्दल विचारावं असं माणूसही आमच्या ओळखीत नाही.

पण मला सांगायचंय ते त्या शनिवारचं. आम्ही उतरलो तेव्हा बिल्डिंगमध्ये दिवे लागले होते. पहिल्या मजल्यावर साळव्यांच्या दाराशी मी बांबू टेकवले. ते किल्ली शोधत होते. एक खिसा, दुसरा, मग पिशवी. किल्ली बहुधा इतकी वर्षं बाईंकडे असायची. मी म्हटलं, "चला, येतो," आणि दोन-दोन पायऱ्या वर गेलो. एवढी मोठी कामगिरी केलेली, ती कधी एकदा सांगतो असं झालेलं! गुडघा मेला दुखतसुद्धा नव्हता. बायकोला मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. चहा, बकऱ्या, वेणी, कळावे, आमेन. काही म्हणजे काही गाळलं नाही. खालची ती खिसे चाचपण्याची गोष्टसुद्धा सांगितली. तिने पदराने डोळे पुसले. मी वाट बघत होतो, आता ही काहीतरी चांगलं म्हणेल.

ती म्हणाली, "अहो, दार उघडून आत दिवा लागेपर्यंत तरी थांबायचं होतंत."